आत्याच्या गाडीसमोरची भिंत

आत्या थोड्या दिवसांसाठी मुलाकडे गेली, तेवढ्यात मी तिची भिंत रंगवून टाकली. मला कुणी सांगितलं नव्हतं. उलट निघताना ती बजावून गेली होती, "मी येईपर्यंत कशाला हात लावू नकोस." पण शिक्षण उरकून नोकरीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला भाचा आत्याच्या घरी फुकट जेवत असला, की त्याला मधूनच उपयोगी पडण्याची उबळ येते. मला ती नेमकी त्याच आठवड्यात आली.

भिंत अंगणाच्या कडेची, गाडीच्या पत्र्याच्या शेडसमोरची. रंग म्हणाल तर भिजलेल्या उंदराचा. वर्षानुवर्षांची धूळ, ओल, आणि मधोमध एक आडवी भेग. वर कुणीतरी कोळशानं दोन फुल्या काढलेल्या. मला वाटलं, पोरांनी गिरगटलंय. खिडक्या रंगवून उरलेला पांढरा ऑइलपेंट माळ्यावर होता. मी भेग बुजवली, दोन हात मारले आणि लांब जाऊन उभा राहिलो. भिंत अशी चकाकली, की शेजारीण वाळत घालायचे कपडे खांद्यावर टाकून बघायला आली. म्हणाली, "दवाखाना काढताय का?"

आत्या परत आली. पिशवी पायरीवर ठेवली आणि घरात शिरलीच नाही.

"फुल्या कुठेत?"

"कसल्या फुल्या?"

"गेल्या का?" ती म्हणाली, आणि पिशवी उचलून आत गेली. आत्या एवढं थोडं बोलते तेव्हा समजावं, आपण बोलायचे दिवस संपले.

फुल्या आतोबांच्या होत्या. आतोबांनी ही गाडी हौसेनं घेतली, पण त्यांना ती मागे घेता येत नसे. ते आयुष्यभर पुढेच जात राहिले, आणि जिथे पुढे रस्ता संपे तिथे आत्या उतरून चार माणसं गोळा करून आणी. शेजारी बसून नवऱ्याच्या चुका काढता काढता तिला गाडी आली. एकदा आतोबा एका बोळात अडकले, तेव्हा ती म्हणाली, "उतरा," आणि स्वतः बसून गाडी मागे बाहेर काढली. त्या दिवसापासून आतोबा डावीकडे बसू लागले ते कायमचे. त्यांनी मग गाडीच्या दिव्यांचं खातं स्वतःकडे घेतलं. भिंतीपासून ठरावीक अंतरावर एक दगड पुरला, उजेड नीट पडला पाहिजे तिथे दोन फुल्या मारल्या, आणि बायकोला नियम घालून दिला: अंधारात जायचं असेल तर आधी भिंत बघायची.

पुढे आतोबांची मूत्रपिंडं गेली. शेजारच्या गावात रक्त शुद्ध करून देणारं केंद्र आहे. आठवड्यातून दोनदा त्यांची पाळी असे; दुपारच्या एस्टीनं जायचं, पण उपचार संपेपर्यंत परतीची शेवटची एस्टी निघून गेलेली असायची. म्हणून आत्या दिवेलागणीला गाडी घेऊन त्यांना आणायला जायची. येताना त्याच केंद्रात उपचार घेणारे आपल्या गावचे तिघं गाडीत बसू लागले. पुढे आतोबा गेले. तेराव्यानंतरच्या पहिल्याच पाळीला त्या तिघांतल्या शिंपीणबाईंनी दारात येऊन विचारलं, "आता आम्ही कसं हो यायचं?" आत्यानं चपला घातल्या.

ते अजून चालू आहे; मुलाकडे गेली तीही दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत. पुढच्या सीटवर ड्रॉइंगचे निवृत्त मास्तर, मागे शिंपीणबाई आणि एक गृहस्थ, ज्यांना आम्ही 'हं' म्हणतो, कारण ते तेवढंच बोलतात. अलीकडे पिशव्या उचलायला मी.

निघण्याआधी आत्या गाडी दगडापाशी भिंतीकडे तोंड करून लावायची. दिवे लावायची, खाली उतरायची, उघड्या दारावर हात ठेवून भिंतीकडे बघायची. उजेडाचे दोन्ही ठिपके फुल्यांवर हवेत आणि मधली भेग या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसायला हवी. दिसली की निघायचं. या बाबतीत ती कुणाचंही ऐकत नसे; भिंत काय म्हणते ते खरं.

मुलाकडे जाण्याआधीच्या पाळीला भिंतीनं कुरकुर केली होती. आत्या म्हणाली होती, "भेग शेवटपर्यंत दिसत नाही रे. दिवे मंद झालेत. आल्यावर इलेक्ट्रिशियनला दाखवू." हे मी या कानानं ऐकलं. दुसऱ्या कानाचा त्यानं लगेच उपयोग केला.

तर आता नव्या फुल्या काढणं आलं. मी काळा रंग आणि ब्रश घेऊन भिंतीशी, आत्या गाडीपाशी.

"उजवीकडे. अजून. अरे, उजवीकडे! शाळेत भूमिती शिकलास का नुसता डबाच खाल्लास?"

फुल्या झाल्या. अंधारायला लागल्यावर तिनं दिवे लावले. पांढऱ्या चकचकीत भिंतीवर उजेड असा फाकला, की माझेच डोळे दिपले.

"अगंबाई," आत्या म्हणाली, "दिवे तर छान आहेत! मलाच उगीच वाटलं." भेग मी बुजवलेली, त्यामुळे परीक्षेतला तो प्रश्न रद्दच झाला होता. इलेक्ट्रिशियनकडे जाणंही रद्द झालं. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली. भिंत रंगवल्याचा काहीतरी फायदा झाला की!

परतीच्या रस्त्याला दिवे नाहीत. दोन्ही बाजूंना झाडं, आणि कुणी काय टाकून ठेवेल त्याचा नेम नाही. एका पाळीला आम्ही येत होतो, तर मास्तर अचानक म्हणाले, "बाई, खडी."

आत्यानं ब्रेक मारला. रस्त्याच्या अर्ध्या भागात खडीचा ढीग होता. गाडी त्याच्या पायथ्याशी थांबली. 'हं' नेहमीपेक्षा मोठ्यानं "हं" म्हणाले.

त्यानंतर मास्तर रस्ता मोठ्यानं वाचू लागले. "सायकल... वळण... कुत्रं..."

"मास्तर, पाढे म्हणताय का?"

"नाही हो, जुनी सवय. वर्गात फळ्यावरचं वाचायचो."

आत्यानं वेग कमी केला. मग आणखी कमी केला. मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवून वाजवून दमले. घरी आल्यावर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून समोरच्या कॅलेंडरवरचं बारीक छापलेलं वाचून बघे. वाचता येई. सुईत दोरा ओवून बघे. पहिल्या फटक्यात जाई. घरातल्या उजेडात सगळं दिसतं, रात्री गाडीत दिसत नाही, आणि दिवे तर भिंतीवर लख्ख पडतात. मग उरलं काय? तिनं निकाल लावला: रातांधळेपणा.

घरात गाजरांचा सुकाळ झाला. कच्ची गाजरं, किसलेली गाजरं, गाजरांचा रस. माझी दृष्टी इतकी सुधारली की मला माझं भवितव्यही दिसू लागलं आणि मी गाजरं सोडली.

"आत्या, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ या."

"डॉक्टरनं एकदा कागदावर लिहिलं की संपलं. तो कागद माझा लेक फ्रेम करून लावेल."

हे खरं होतं. माझा आतेभाऊ कितीतरी वर्षांपासून म्हणत होता, आई, या वयात रात्री गाडी चालवायची नाही, ती विकून टाकू.

"मग मी चालवू का?"

"तू भिंती रंगव."

मला नुकतंच शिकाऊ लायसन मिळालेलं होतं आणि एका मैलाच्या दगडाशी माझी ओळखही झाली होती. मी विषय वाढवला नाही.

शेवटी गाडीतच तिनं तिघांना सांगून टाकलं. पुढच्या महिन्यापासून मी नाही. भाड्याची गाडी बघा. मास्तर "बरं" म्हणाले, 'हं' "हं" म्हणाले. शिंपीणबाईंनी जरा हिशेब केला असावा. म्हणाल्या, "मग मी आठवड्यातून एकदाच जाईन. होईल तेवढं होईल."

एक पाळी चुकण्याचा अर्थ गाडीतल्या प्रत्येकाला कळत होता. आतोबांनी एकदा पुरात एक पाळी चुकवली होती, तेव्हा त्यांचे पाय कसे सुजले होते ते आत्यानं पाहिलं होतं. घर येईपर्यंत मास्तरांनी कुत्रंसुद्धा वाचलं नाही.

त्याच रात्री तिनं मुलाला फोन केला. "ये आणि गाडी घेऊन जा." इतकी वर्षं हेच मागणारा माझा आतेभाऊ एकदम घाबरला. "आई, तुझी तब्येत बरी आहे ना?"

तो पाळीच्या दिवशी दुपारी आला, आपली नवी कोरी गाडी घेऊन. ठरलं असं, की आज तोच तिघांना घेऊन येईल आणि उद्या जुन्या गाडीचं बघू. दिवेलागण झाली. तो किल्ली फिरवत निघाला.

"थांब," आत्या म्हणाली. "आधी भिंत बघ."

"आई, गाडी नवी आहे!"

"नवी असली म्हणून काय आभाळातून पडलीय? दिवे भिंतीवर बघितल्याशिवाय अंधारात जायचं नाही. तुझ्या बापाचा नियम आहे."

बापाचं नाव निघालं की तो लहान होतो. त्यानं गाडी आत्याच्या गाडीशेजारी लावली, भिंतीकडे तोंड करून. दिवे लावले.

"इकडे कुठे पाडतोस? थांब, कसा पडायला हवा ते दाखवते." आणि तिनं आपल्या गाडीचे दिवे लावले.

एकाच भिंतीवर दोन उजेड. त्याचा दुधासारखा. तिचा, कपात विसरून राहिलेल्या चहासारखा.

आत्या दारावर हात ठेवून उभी राहिली. "बंद कर तुझे," ती म्हणाली. त्यानं केले. तिचा उजेड एकटा राहिला आणि पुन्हा बरा दिसू लागला. "लाव." त्यानं लावले. पुन्हा चहा.

"आई, उशीर होतोय."

"होऊ दे." ती भिंतीपाशी गेली, तळहातानं रंग चाचपला, वळून माझ्याकडे बघितलं. "या चकचकीत रंगावर काजवासुद्धा सूर्य वाटेल," म्हणाली आणि घरातून एक करडं कांबळं घेऊन आली. "धर हे भिंतीवर. वर. डोक्याच्या वर."

मी कांबळं पसरून उभा राहिलो. जुन्या भिंतीचं काम आता माझ्याकडे आलं होतं. तिनं मुलाचे दिवे बंद करायला लावले. कांबळ्याच्या कडेवरून मी गाडीकडे बघितलं. एवढ्या जवळून समोर दोन पेटते दिवे असूनही मी सहज बघू शकत होतो.

"काय दिसतंय?" आतेभावानं विचारलं.

"काही दिसत नाही," आत्या म्हणाली, आणि तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "काहीच दिसत नाही रे!"

मग ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. "चल, मी पण येते." मी मागे चढलो. तिघांना घेतलं, मास्तर आज मागे आमच्यात दाटीनं बसले, आणि परतीचा रस्ता सुरू झाला. आत्या समोर बोट रोखून बसली होती.

"सायकल. वळण. ते बघ, झाडाखाली कुत्रं निजलंय. खडी, खडी!"

"आई, मला दिसतंय."

"मलाही दिसतंय. तेच सांगतेय."

मागे मास्तर हलकेच म्हणाले, "बाई, त्या झाडामागे दुसरं कुत्रं." ते मला दिसलं नाही. आत्या म्हणाली, "शेपूट तुटकी आहे त्याची." शिंपीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

सकाळी इलेक्ट्रिशियन आला. त्यानं दिव्यांवर टिचकी मारली. "बाई, मोतीबिंदू गाडीला झालाय की." वरची प्लॅस्टिकची काच उन्हानं पिवळी पडून चरचरीत झाली होती, आतली चांदी काळवंडली होती. हळूहळू झालेलं, म्हणून लक्षात न आलेलं. त्यानं दोन्ही दिवे नवीन बसवले, मग कपाळाला आठ्या घालून विचारलं, "पण तुम्ही तर दरवेळी भिंतीवर बघता ना? भिंतीवर कसं कळलं नाही?"

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी टायरमधली हवा किती आहे ते वाकून बघू लागलो.

आतेभाऊ दोन दिवस राहून गेला. गाडी विकायचं नाव त्यानं काढलं नाही. जाताना आत्यानं त्याला अर्धी गोणी गाजरं दिली.

पाळ्या पूर्ववत चालू आहेत. शिंपीणबाई दोन्ही वेळा येतात. मास्तरांनी रस्ता वाचणं सोडलंय, आता ते डुलक्या घेतात, ज्याचा आत्याला जास्त राग येतो. भिंतीवर तूर्त दोन खिळे ठोकून कांबळं टांगलंय, त्यावर खडूनं फुल्या. पण वारा सुटला की फुल्या हलतात आणि आत्याचं डोकंही हलतं.

"हे असलं चालणार नाही. माझी होती तशी भिंत मला परत दे."

मी बापडा प्रयत्न करतो. चिखलाचं पाणी मारून बघितलं, ते ऑइलपेंटवरून घसरून खाली आलं. राख चोळली. ती म्हणाली, "हा मळ खोटा दिसतो." काजळी लावली, तर शेजारणीनं विचारलं, दवाखाना जळाला का. तसा मळ बसायला पंधरावीस वर्षं तरी जावी लागतात, आणि मला अधूनमधून मुलाखतीलाही जायचं असतं.

काल निघताना आत्यानं दारावर हात ठेवून पुन्हा विचारलं, "भिंत कधी देतोस?"

"मळतेय, आत्या. जरा धीर धर."

"धरते," ती गाडीत बसत म्हणाली. "भेग व्याजात घेईन."