शनिवारी सकाळी आठ

आमच्या कॉलेजात एका थंडगार खोलीत बारा कॉम्प्युटर मशीन एकमेकांना जोडून ठेवलेली आहेत. मोठमोठी गणितं त्यांच्यावर सोडायची, आणि त्यांच्या रांगेचा राखणदार मी. सकाळी आल्या आल्या कुठलं मशीन मोकळं, कुठलं गुंतलेलं, कोणाचं काम अडकलंय ते बघायचं आणि मगच चहा. काम देताना प्रत्येकाने किती मशीन हवीत, किती तास हवेत हे आधीच लिहून द्यायचं असतं. आणि लोक असं मागतात, जणू बापजाद्यांची जहागीर! माझा आवाज चढतो तो त्यामुळे. जळगावात इतकी वर्षं काढली, पण धुळ्याहून आणलेला तापटपणा काही गेला नाही.

त्या शुक्रवारी सकाळी रांगेत एकच काम दोन दिवसांपासून ताटकळत होतं. बोदवडकडच्या एका मुलीचं. केळीच्या पानांचे फोटो बघून रोग ओळखायचं काहीतरी ती करत होती. फोटो तिच्या वडिलांनी दोन हंगाम स्वतःच्या बागेत फिरून काढलेले. सोमवारी प्रबंध दाखल झाला नाही तर तिची नोंदणीच रद्द होणार होती. पाच वर्षं पाण्यात. आणि या बाईसाहेबांनी मागितलं काय, तर बाराच्या बारा मशीन, चार दिवस!

बोलावून घेतलं. "अगं, काही डोकं? उद्या सकाळी आठला एसी दुरुस्तीसाठी सगळं बंद होणार, नोटीस लावलीय. चार दिवस मागितलेस तर मशीन तुझं काम सुरूच कसं करेल? त्याला दिसतंय ना, मधेच तोडावं लागणार म्हणून. एवढं मागायचं कशाला?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. एरवी माझ्याशी जपून, पुस्तकातलं मराठी बोलणारी ती पोरगी घरच्या बोलीवर आली. म्हणाली, "सर, कमी नको पडाले म्हणून."

माझा राग जागच्या जागी बसला.

हे वाक्य माझ्या बायकोचं. ती जामनेरची. हिवाळ्यात भरीत करायचं म्हटलं की दहा माणसांना बोलावायची आणि वीस जणांची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची. मी ओरडायचो, "पलटण जेवणार आहे का?" ती धुरात डोळे पुसत वांगी उलटवायची आणि म्हणायची, "असू द्या ना, कमी नको पडाले." उरलेलं भरीत दुसऱ्या दिवशी गल्लीभर वाटत फिरायची. एकदा चिडून मी मोठं पातेलंच माळ्यावर टाकलं. ती दोन लहान पातेल्यांत करायला लागली. तिला जाऊन दोन वर्षं झाली, पातेलं अजून माळ्यावरच आहे.

मी मुलीला खुर्ची दिली. शिकवलं, "आधी मोकळं काय आहे ते बघ. मग पहिले शंभर फोटो चालवून वेळ मोज, आणि लागेल तेवढंच माग." तिने मोजलं. मोकळ्या असलेल्या दोन मशीनवर साधारण सोळा तास. दुपारचे तीन वाजत आले होते.

"सतरा लिही. बरोबर आठला संपेल."

"सर, आणखी थोडे मिळतील?"

"अजिबात नाही. आठ म्हणजे आठ."

काम लगेच सुरू झालं. ती इतकी हसली की मलाच माझं कौतुक वाटलं.

शनिवारी साडेसातला येऊन बघतो तर काय, काम अजून बरंच बाकी! आठला वेळ संपला की मशीन ते तोडणार आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. शोधल्यावर कळलं की दुसऱ्या हंगामाच्या अगदी शेवटी वडिलांनी नवा मोबाइल घेतला होता, त्यातले फोटो जुन्यांच्या दुप्पट मोठे. आणि पहिले शंभर घे म्हणून कोणी सांगितलं होतं? मीच! शहाणपणा माझा, नुकसान तिचं. मला स्वतःचीच लाज वाटली. तिने मागितलं तेव्हा दोन तास दिले असते तर माझं काय जात होतं?

एसीचा मिस्त्री शिडी घेऊन दारात उभा होता. ठरवून दिलेली वेळ वाढवणं फक्त माझ्या हातात असतं आणि आजवर मी ती कोणालाही वाढवून दिली नव्हती. मी दोन तास वाढवले.

"भाऊ, किती वेळ लागेल?" मिस्त्रीने विचारलं.

"पाऊण तास."

त्याने पडद्यावर डोकावलं. "मग दोन तास कशाला टाकले?"

"असू दे," मी म्हणालो, "कमी नको पडाले."

आणि मग मी खुर्चीत बसलो. मिस्त्रीने शिडी भिंतीला लावली आणि बाहेर जाऊन दोन चहा घेऊन आला.

पावणेनऊला काम पूर्ण झालं. मुलीला फोन केला तर ती रडायलाच लागली, मागून वडील "काय झालं, काय झालं" करत होते. सोमवारी प्रबंध दाखल झाला.

वाढवलेल्या दोन तासांतला सव्वा तास उरला. उरू दे. त्या रविवारी मी माळ्यावरून पातेलं खाली काढलं.