तहान न लागणारा राजा

"ज्या राजाला तहान लागत नाही, त्याच्या पुस्तकाला हात लावू नये."

कृष्णनाथकाकांचं हे वाक्य इब्रामपुरात लहानथोरांना पाठ होतं. कुणी वाचनालयातून एखाद्या राजाची कादंबरी घरी न्यायला लागला, की काका त्याला वाटेत अडवून विचारत, "पाणी प्यायलो काय रे तुझो राजा?"

विचारण्याचा त्यांना अधिकार होता. चाळीस वर्षं त्यांनी दशावतारात राजाचं काम केलं. दशावताराला लिहिलेले संवाद नसतात. कथा तेवढी आधी ठरते. बोलणं ज्याचं त्याने उभ्या जागी रचायचं. सिंहासन म्हणून एक लाकडी बाक. त्या बाकावर काका बसले की लाकूड कुणाला दिसत नसे. शाळा चौथीपर्यंतची. भाषा सगळी कादंबऱ्यांतून आलेली, काजूच्या बागेत राखण करताना वाचलेल्या, प्रयोगाला जाताना टेंपोच्या हौद्यात बसून वाचलेल्या. पुढे गुडघे गेले, मुकुट उतरला. चाल मात्र उतरली नाही. पाव भाजणाऱ्या पोदेराकडून सकाळचे उंडे घेऊन येतानासुद्धा ते टाच आधी टेकवत, मान ताठ ठेवत, जणू मागून कुणी चवऱ्या ढाळतंय. गाव त्यांना 'राजे' म्हणे. थोडं थट्टेनं, जास्त मानानं.

वाचनालय म्हणजे देवळाच्या अग्रशाळेतली, यात्रेकरूंच्या धर्मशाळेतली, दोन कपाटं आणि ती सांभाळणारी हर्षा. श्रावणात रोज दुपारी सभामंडपात पोथी वाचायची, ही गावची रीत. पण अलीकडे ऐकणारे पांगले होते. देवस्थान समितीचे अध्यक्ष नारायण हर्षाला म्हणाले, "पोथी सकाळी पूजेबरोबर होऊ दे. दुपारी आपल्या गोव्याच्या कदंब राजावरची चांगली कादंबरी लाव. माणसं आली तर रीत टिकली. नाय आली तर पुढच्या वर्षी दुपारचं वाचन बंद."

हर्षानं पेडणं, डिचोली, म्हापसा पालथं घातलं. सात कादंबऱ्या मिळाल्या. एकीत राजा पानापानाला तलवार उपसत होता. एकीत नुसत्या सनावळ्या. एकीत राजा मरून पन्नास पानं झाली तरी लेखकाचं कौतुक संपेना. चाळत चाळत दोन उरल्या. एक पाचशे पानांची, कव्हरवर सोनेरी मुकुट. दुसरी बारकी, कव्हर फाटलेली, कुणीतरी वाचनालयाला भेट दिलेली. हर्षाचं मन बारकीवर बसलं होतं. पण काकांना विचारल्याशिवाय राजा निवडायचा, ही इब्रामपुरात होण्यासारखी गोष्ट नव्हती.

हर्षा दोन्ही पुस्तकं घेऊन त्यांच्या ओसरीवर गेली, तर काकांनी जाड पुस्तक मधेच उघडलं. नेमका दरबार लागला. ते मोठ्यानं वाचू लागले आणि दोन ओळींत त्यांचा आवाज असा चढला की गोठ्यातली गाय रवंथ थांबवून बघत राहिली.

"काका, ही बारकी एकदा..."

"बाय माझे, बोलणं बघ हे! हे लिहिणारो माका चाळीस वर्षांमागे भेटाक होयो होतो!" त्यांचे डोळे भरून आले होते. हर्षानं बारकी बाजूला ठेवली.

वाचायला काकाच बसले. हर्षा पायरीवरच्या चपला मोजायची. पहिल्या दुपारी बासष्ट जोड. तिसऱ्या दुपारी एकतीस. सहाव्या दुपारी चौदा, आणि त्यांतला एक तिचा स्वतःचा. काकांचा आवाज खांबाखांबाला भिडत होता. माणसं मात्र उठून जात होती. आता श्रावण उरतो किती आणि आपण कुणाला तोंड दाखवायचं, एवढंच हर्षाच्या मनात घोळत होतं.

सातव्या दुपारी रत्नाकाकींनी हातातली वात खाली ठेवली. देवाच्या वाती वळत ऐकायची त्यांची जुनी सवय.

"राजे, एक विचारू?"

"विचार गो."

"सहा दिस झाले. तुमच्या राजान दोन लढाये जिंकल्यान, लगीन केल्यान, पाच भाषणां केल्यान. तेका एकदा तरी तहान लागली काय?"

मंडप हसला. "नरड्यातच विहीर असतली तेच्या!" नारायण म्हणाले.

काका हसले नाहीत. त्यांनी पानं मागे उलटली, मग पुढे उलटली, हरवलेली सुई शोधावी तशी. हर्षा अर्धी उठली. हा माणूस दुखावून निघून गेला तर वाचन आजच संपलं, हे तिला दिसत होतं.

काकांनी पुस्तक मिटलं.

"नाय लागली," ते म्हणाले. "दरबार बघितलो आणि मी आपलो बाकावर जाऊन बसलंय. राजाक सोधूचा सोडून माझीच भाषणां सोधीत होतंय. चूक माझी. हर्षाबाय, तुझा ता बारका पुस्तक घेवन ये. आणि तूच वाच."

"मी? काका, तुमचा आवाज..."

"माझ्या आवाजात सगळे राजे एकाच मुकुटातले लागतत. तू वाच."

ते पाटावरून उठले आणि गुडघे सावरत रत्नाकाकींच्या शेजारी जमिनीवर बसले. देवळाच्या मंडपात त्यांना असं खाली बसलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

हर्षा बारकं पुस्तक उघडून वाचू लागली. हरलेला राजा ओढ्याकाठी येतो. आधी घोड्याला पाणी दाखवतो. वर खळ्यात मळणी चाललेली. तिथली बाई त्याला ओळखत नाही. चिखलाचे पाय घेऊन खळ्यात येऊ नकोस म्हणून खेकसते. राजा मुकाट्यानं पाय धुतो आणि ओंजळ पुढे धरतो.

ओंजळीपाशी रत्नाकाकींचा वात वळणारा हात थांबला.

आठव्या दुपारी चौतीस जोड चपला होत्या. श्रावण सरता सरता त्या पायऱ्यांवर मावेनात. शेवटच्या दिवशी नारायण जाता जाता म्हणाले, "हर्षा, पुढच्या श्रावणाचं पुस्तक आतापासून सोधूक लाग."

काका मागे थांबले होते. "ता जाड पुस्तक टाकू नको," ते हर्षाला म्हणाले. "बोलणं शिकणाऱ्याच्या कामाचा आसा. फक्त पहिल्या पानावर पेन्सिलीन लिही, राजाक तहान नाय."

मग ते पायऱ्या उतरले. उरलेल्या दोन-चार जोडांत त्यांच्या चपला काही सापडेनात; कुणीतरी घालून गेलं होतं. ते तसेच अनवाणी निघाले.

"काका, चपला!" हर्षा ओरडली.

त्यांनी मागे न बघता दरबाराला थांबवावं तसा हात वर केला. टाच आधी, मान ताठ. ओल्या लाल वाटेवरून काजूच्या बागेकडच्या वळणावर ते दिसेनासे होईपर्यंत पायरीवर हर्षा उभी होती, आणि तिच्या मागे, ओच्यात वाती धरून, रत्नाकाकी.