तळवे पुढे

"शर्ट काढा," सर म्हणाले. माझ्या बापाला. भरल्या वर्गात.

आणि बापानं काढला. बटणं सोडताना माझ्याकडं बघून हसलासुद्धा. त्याला वाटलं, डॉक्टरकडं काढतात तसंच असेल.

मी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. घर थेरगावला. बाप चाकणच्या एका गोदामात माल चढवतो-उतरवतो. मूळचा परभणीकडचा. वर्ष झालं, उजवा खांदा धरलाय. हात वर जात नाही. बनियन काढायला आई लागते. तरी कामावर जातो, कारण मुकादमाला कळलं तर गेट बंद.

सर खांद्याचा सांधा शिकवत होते तेव्हा मी उठून विचारलं होतं. माझ्या वडिलांचा हात असा अडकतो, काय असेल? सर म्हणाले, "घेऊन ये त्यांना. बघू."

बघू! एवढ्या एका शब्दानं घरात सण आला. बापानं सुट्टी टाकली. दाढी केली. मामाच्या लग्नातला शर्ट काढला, इस्त्री मारली. आईनं डब्यात शेंगदाण्याचे लाडू भरले. तपासणाऱ्या माणसाकडं रिकाम्या हातानं जाऊ नये, हा आमच्याकडचा रिवाज.

सरांनी तो डबा न उघडता टेबलाच्या कडेला सरकवला. बापाला फळ्यासमोर उभं केलं.

"पाय जुळवा. हात खाली सोडा. तळवे पुढे. अंगठे बाहेर."

हिला अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन म्हणतात. शरीराची प्रत्येक दिशा ह्या उभं राहण्यावरून ठरते. पोटाकडचं ते अँटिरियर, पाठीकडचं पोस्टिरियर. मधल्या रेषेजवळचं मिडियल, लांबचं लॅटरल. सगळं पाठ होतं माझं. पुस्तकातल्या चित्रात माणूस असाच उभा असतो आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. पण उघड्या अंगानं, तळवे पुढे करून माझा बाप उभा राहिला, तर काहीतरी मागतोय असा दिसायला लागला. मला तिथंच भडभडून आलं.

सरांनी हात नाही लावला. स्टीलची पट्टी घेतली. पट्टीनं टोचत टोचत दाखवायला लागले. "हा डेल्टॉइड स्नायू. ही स्कॅप्युलाची, खांद्याच्या फऱ्याची कड. बघा किती स्पष्ट! ह्या लोकांच्या अंगावर चरबी नसते, सगळं आयतं दिसतं. कामासाठीच बनलेली बॉडी."

ह्या लोकांच्या. माझं आडनाव त्यांनी पहिल्याच दिवशी नीट विचारून घेतलं होतं.

वर्ग हसला. पहिल्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "सर, फोटो काढू?"

"काढा की. नोट्सला होईल."

मोबाइल वर झाले. बापानं फोटोसाठी मान ताठ केली. अजून त्याला वाटत होतं, तपासणी चाललीय.

"आता अ‍ॅबडक्शन. हात बाजूनं वर. उजवा."

उजवा हात खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि अडला. बाप पुढं खांदाच उचलायला लागला.

"अजून."

"साहेब, दुखायलंय."

"दुखणारच. अजून." पट्टी कोपराखाली लावली आणि हात वर रेटला. बापानं दात आवळले, डोळ्यांत पाणी आलं, तरी तोंडातून निघालं, "व्हय साहेब."

सर वर्गाकडं वळले. "पाहिलंत? सांधा हलत नाही म्हणून खांदा उचलून फसवतात. ट्रिक मूव्हमेंट. ही माणसं काम टाळायलाही हेच करतात."

बापाला इंग्रजी कळत नाही. 'फसवतात' कळलं. 'काम टाळायला' कळलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. तसं त्यानं आजवर माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तू ये," सरांनी मार्कर पुढं केला. "ह्युमरसचं, दंडाच्या हाडाचं डोकं कुठं आहे, खूण कर. बापच आहे तुझा, लाजतेस काय?"

मी गेले. मार्कर घेतला. सकाळीच अंघोळ केलेल्या बापाच्या अंगाला साबणाचा वास होता. आणि मला ह्याच सरांचा पहिला धडा आठवला. डावं-उजवं नेहमी त्या शरीराचं धरायचं, बघणाऱ्याचं नाही. माणूस उताणा असो, पालथा असो, दिशा त्याच्या बाजूनं सांगायची. हे चुकलं तर उत्तर चूक. इथं शिकवणाराच चुकत होता, आणि वर्ग त्याचे फोटो काढत होता.

मार्कर टेबलावर ठेवला. "पप्पा, शर्ट घाला."

सर म्हणाले, "इंटर्नल मार्क माझ्या हातात आहेत. माहितीये ना?"

"माहितीये. शर्ट काढायला लावायच्या आधी त्यांना विचारलं होतं का? फोटोच्या आधी? फोटो डिलीट करा. सगळ्यांनी. आत्ता."

बापाचा दुखरा हात आधी बाहीत घातला, मग दुसरा. बटणं मी लावली. लाडवांचा डबा उचलला आणि बाहेर पडले.

रस्त्यात बाप म्हणाला, "माय, साहेबाचं मन कशाला मोडलीस? माफी मागून टाक. आपलं काय जायलंय?"

मी भर रस्त्यात बापावर ओरडले. "तुम्ही व्हय का म्हणालात?"

"मला वाटलं, कालेजात असंच तपासतेत."

वर्गातल्या कुणापेक्षाही ह्या वाक्यानं मला जास्त फाडलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा आणि त्यालाच औषध समजायचं. किती पिढ्या?

आता कॉलेजच्या ऑफिसातून निरोप आलाय. माफी लिहून दे, नाहीतर प्रॅक्टिकलला बसू देणार नाही. मैत्रिणी म्हणतात, लिही ना दोन ओळी, नसतं लचांड कशाला? जिवाला चैन नाही. बसले तरी उभी आहे असं वाटतं. बापाचा खांदा आहे तिथंच आहे, आणि तो सकाळी चाकणची गाडी पकडून कामावर गेला.

सोमवारी गुडघा शिकवायचाय. सरांनी कॉलेज झाडणाऱ्या मावशींना फळ्यासमोर उभं राहायला बोलावलंय. मी त्यांना सगळं सांगितलं. मावशी म्हणाल्या, "न्हाई म्हनले तर कामावरनं काढत्याल, बाय."

बरोबर आहे त्यांचं. मावशी नाही म्हणू शकत नाहीत. मी म्हणू शकते.

सोमवारी वर्गाच्या दारात मी उभी राहणार. मावशींना आत जाऊ देणार नाही. गुडघा पहिल्या बाकालाही आहे, सरांनाही आहे. आधी त्यांनी पँट वर करावी. मला नापास केलं तर पुन्हा बसेन, दरवर्षी बसेन, डिग्री ह्याच कॉलेजातून घेईन. माफी लिहून देणार नाही.