अकरा खोकी आणि एक तिरका दात

बाहेरच्या खोलीत खिडकीखाली अकरा खोकी उभी होती, सुतळीनं करकचून बांधलेली, आणि तीन महिन्यांत त्यातलं एकही सुटलं नव्हतं. बायकोचा हुकूमच होता तसा. "तुमचं नोकरीचं पक्कं झालं की सोडू. मांडायचं आणि पुन्हा बांधायचं, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही." म्हणून तीन माणसांचं बिऱ्हाड दोन पातेली, एक तवा आणि चार ताटल्यांवर चाललं होतं. मुलीची पुस्तकं तेवढी पिशवीतून वेगळी आणली होती, कारण कॉलेज कुणाच्या पक्कं होण्यासाठी थांबत नाही.

तो कवळ्या बनवायचा. जुन्या गावात लोक त्याला बत्तीशी म्हणत, तेही तोंडावर, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. गावातल्या एकुलत्या एक दातांच्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत बसून त्यानं सव्वीस वर्षं काम केलं. गिऱ्हाईक ओळखीचंच असायचं. कुणाचा पुढचा दात शेजाऱ्यावर चढलाय, कुणाच्या दातांत फट आहे, सगळं ह्याला पाठ. कवळीतही तो तेच बसवायचा, जसंच्या तसं. "बत्तीशीनं आमचा म्हातारा होता तसा परत दिला," असं कुणी म्हटलं की स्वारी आठवडाभर हवेत. मग डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला आणि एक्कावन्नाव्या वर्षी ह्यानं गाशा गुंडाळला.

आता हे शहर. धड मोठं नाही, धड लहान नाही. शेजारी दार उघडण्याआधी भोकातून बघून घ्यायचे, इतकं मोठं. आणि कवळ्या बनवणारी प्रयोगशाळा अख्ख्या शहरात एकच, इतकं लहान. तिथून काढलं की संपलंच. जुनी जागा तर सोडून आले होते.

प्रयोगशाळा टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होती. सहा कारागीर, सहा दिवे आणि मालकीणबाई. त्यांना सगळे मॅडम म्हणत. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे, सोबत चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर आणि वय. नाव नाही, चेहरा नाही. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "चिठ्ठीवर वेगळं काही लिहिलं नसेल तर दात सरळ. तीन महिने बघते. तीन कामं परत आली तर माझा नाइलाज आहे."

दोन आली होती. एकात ह्यानं वयाला शोभतील असे पिवळसर दात घातले, दुसऱ्यात जुन्या ठशात दिसली तशी फट ठेवली. दोन्ही वेळा मॅडमनी वहीत लाल शाईनं लिहिलं आणि तोंडानं काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं! दुसरं काम परत आलं तेव्हापासून हा जेवताना घास नुसता तोंडात घोळवत बसायचा. मुलीनं एकदा हसून विचारलं, "बाबा, दात तुमचे दुखतात का?" तर हा तिच्यावर खेकसला, आणि नंतर तासभर स्वतःलाच शिव्या देत बसला.

तीन महिने येत्या सोमवारी भरणार होते. शुक्रवारी संध्याकाळी बसमध्ये कंडक्टर कुणाशी तरी बोलता बोलता हसला. त्याचा पुढचा एक दात तिरका होता. बत्तीशीनं तो पाहिला आणि त्याला एकदम आठवलं. चारशे सतरा नंबर! दुपारीच दवाखान्यात गेलेलं काम. सोबत दात काढण्याआधीचा जुना ठसा होता आणि त्यात असाच तिरका दात. त्या वेळी ह्याच्या डोक्यात भाड्यासाठी आलेला घरमालकाचा फोन घोळत होता, आणि हातांनी आपलं सव्वीस वर्षांचं काम करून टाकलं होतं. मेणात दात बसवताना उलट बरंच वाटलं होतं, हेही त्याला आठवलं. मेल्या, कुणी सांगितलं होतं तुला!

घरी बायकोनं दोनदा विचारलं, "काय झालंय?" दोनदा तो "कुठं काय," म्हणाला. तिनं खोक्यांकडे एक नजर टाकली आणि ताटल्या मांडल्या.

शनिवारी सकाळी कामावर जाण्याआधी तो थेट त्या दवाखान्यात गेला. बेत साधा होता. कवळीत चीर राहिलीय म्हणून सांगायचं, काम मागून घ्यायचं, गुपचूप दात सरळ करायचा आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. पण नशीब बघा, काउंटरवरची मुलगी म्हणाली, चारशे सतरा नंबरच्या बाई आत खुर्चीत बसल्यासुद्धा. तो बाहेरच्या बाकावर बसला. मनात मात्र एक वेडी आशा, की बाई आरशात बघतील आणि गावातल्या लोकांसारख्या म्हणतील, अगं बाई, ही तर मीच!

बाई बाहेर आल्या. साठीच्या, नीटनेटक्या. भिंतीवरच्या आरशासमोर उभ्या राहिल्या, ओठ उघडले आणि पटकन तोंडावर हात ठेवला.

"आला परत," त्या सोबतच्या बहिणीला म्हणाल्या. आवाज इतका गोड, की रडतायत हे कळायला वेळ लागला. "ह्या दातापायी मी उभ्या जन्मात फोटो काढला नाही. टेलिफोन ऑपरेटर झाले, का तर तिथं तोंड दिसत नाही. सगळे दात काढले तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. आणि बघ, हा मेला परत हजर!"

बत्तीशीच्या कानशिलात कुणी ठेवून दिली असती तरी इतकं लागलं नसतं. गावातल्या कुणाकुणाला आपण असे नको असलेले दात परत दिले असतील? एकाला तरी कधी विचारलं होतं? चीर राहिल्याची थाप त्यानं टाकून दिली.

"बाई, ते मी केलंय," तो उभा राहून म्हणाला. "चूक माझी आहे. संध्याकाळपर्यंत कवळी माझ्याकडे द्या. कसे हवेत तेवढं सांगा."

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग तोंडावरचा हात न काढता म्हणाल्या, "सरळ. दुसरं काही नको हो दादा. नुसते सरळ."

प्रयोगशाळेत जाऊन त्यानं कवळीची डबी मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं, चिरीची थाप मारणार होतो तेही. मॅडमनी वही काढली, लाल पेन काढलं आणि लिहिलं. तिसरं. त्या लिहीत असताना तो बघत होता, आणि डोळ्यांसमोर अकरा खोकी पुन्हा ट्रकमध्ये चढत होती.

"आधी हे नीट करा," त्या म्हणाल्या. "बाकीचं सोमवारी."

त्यानं दात कापून काढला, नवा सरळ बसवला, काम चोख झालं. संध्याकाळी तो स्वतः दवाखान्यात घेऊन गेला. बाईंनी कवळी बसवली आणि आरशात बघायच्या आधीच सवयीनं हात तोंडावर गेला. बहिणीनं तो धरून खाली केला. बाई बराच वेळ बघत राहिल्या.

रविवार कसा गेला ते विचारू नका. सोमवारी मॅडमनी त्याला बोलावलं.

"पक्कं नाही करत तुम्हाला," त्या म्हणाल्या. "तीन झाली. नियम सगळ्यांना सारखा." त्यांनी वही मिटली. "पण काढतही नाही. अजून तीन महिने बघते. आणि पुढच्या दातांचं काम असेल तर आधी दवाखान्यात जायचं. चेहरा बघून मनानं ठरवायचं नाही, विचारायचं. जमेल?"

त्यानं मान हलवली.

घरी येताना बसथांब्यावर गर्दी होती. पलीकडच्या फुटपाथवरून कुणीतरी हात हलवत होतं. तो मागे वळून बघायला लागला, की दुसऱ्या कुणाला असेल, कारण तीन महिन्यांत ह्या शहरात त्याला कुणी हात दाखवला नव्हता. मागे भिंत होती. टेलिफोनवाल्या बाई त्यालाच हात दाखवत होत्या आणि भर रस्त्यात तोंड भरून हसत होत्या.

घरी बायको दारातच उभी होती. "झालं पक्कं?"

"नाही गं. अजून तीन महिने. तेही जमलं तर."

तिनं त्याच्याकडे बघितलं. मग खोक्यांकडे. ती आत गेली आणि सुरी घेऊन आली.

"अगं, पण पक्कं कुठं झालंय?"

"नाही तर नाही," ती म्हणाली आणि पहिली सुतळी कापली. "सहा महिने तव्यावर भाजी करू की काय? त्या दुसऱ्यात कढई आहे, ते ओढा इकडं."