खंडेनवमीला बंद केलेला डबा

आमच्या वाघोडियाच्या कारखान्यात प्रतापरावांइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता. रावपुऱ्यातल्या घरून स्कूटरवर निघायचे आणि कुलूप नीट लागलं का ते बघायला चौकातून परत फिरायचे. नेटवर्कचं सगळं काम त्यांच्याकडे, पण साधी वायर काढायची तरी तीनदा विचारणार. आम्ही त्यांची चेष्टा करायचो, सगळ्यात जास्त मी. मी कंट्रोल रूममध्ये कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर बसायचे.

२००४ साली ते कॅमेरे नवे आले, तेव्हा प्रतापरावांनी मला समजावलं होतं. कॅमेरा चित्र एकदाच पाठवतो आणि ज्यांनी मागितलंय त्यांनाच स्विच, म्हणजे सगळ्या वायरी जिथे जोडतात तो खोका, ते पोचवतो. याला मल्टिकास्ट म्हणतात. सगळ्यांना वाटत सुटला तर नेटवर्क गुदमरेल. म्हणून दर दोन मिनिटांनी कुणीतरी विचारत राहावं लागतं, अजून कुणाला हवंय का? कुणी विचारलंच नाही, तर कुणालाच नको असं समजून स्विच चित्र तोडतो. आमच्याकडे हे विचारणारं यंत्र कोणतं, ते बसवणाऱ्यांनी सांगितलं नव्हतं आणि भीतीपोटी प्रतापरावांनी उघडून पाहिलं नव्हतं.

पूजा केलेलं अवजार त्या दिवशी चालवायचं नाही, हा त्यांच्या घरचा नेम. कारखाना थोडाच बंद ठेवता येतो? म्हणून दर खंडेनवमीला ते कोपऱ्यातला एक जुना राउटर बंद करत, हळदकुंकू वाहत, झेंडूची माळ घालत. त्या डब्यातून काहीच जात नाही, अशी त्यांची खात्री होती.

कॅमेरे आल्यानंतरच्या पहिल्याच खंडेनवमीला त्यांचा जावई सलील रिकामी टाकी आतून घासायला उतरला होता. त्यांच्या मुलीशी, मोहनाशी, लग्न होऊन पाच महिने झाले होते. कमरेला दोर, हवेची नळी, टाकीच्या तोंडाशी एक माणूस, आणि आतल्या कॅमेऱ्यावर माझी नजर. आरतीची घंटा वाजली तसा तोंडाशी बसलेला माणूस कॅमेरा आहेच म्हणून उठून गेला.

प्रतापराव पेढे घेऊन माझ्याकडे आले. पडद्यावर सलील हात वर करून भिंत घासत होता. पेढा माझ्या हातावर ठेवता ठेवता ते थबकले.

"नलिनीबेन, याचा हात खाली का येत नाहीये?"

मी पाहिलं. चित्राच्या कोपऱ्यातल्या घड्याळात अकरा वाजून नऊ मिनिटं झाली होती. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा. सगळेच पडदे थिजले होते, पण बाकीच्यांवर रिकामं आवार, कळणार कसं?

प्रतापराव धावले, मागून मी. टाकीच्या तोंडाशी कोणी नव्हतं. हवेची नळी निसटून बाहेर पडली होती. त्यांनी आत वाकून सलीलला हाक मारली, पुन्हा मारली. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. माझी किंकाळी ऐकून आरतीतली माणसं धावत आली, सगळ्यांनी दोर ओढला. सलील वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते.

तो वाचला. दवाखान्यात मोहना आली ती वडिलांचा हात धरून रडली. बाबा वेळेवर पोचले म्हणून, असं प्रत्येकाला सांगत राहिली. चित्र का थांबलं, ते अजून कुणालाच माहीत नव्हतं. प्रतापरावांना मात्र डबा पुन्हा चालू करताच चित्रं हलायला लागलेली दिसली होती. दर दोन मिनिटांनी विचारणारं यंत्र तेच होतं. ते गप्प राहिले असते तर कधी कळलंही नसतं.

"मोहना, तो डबा मीच बंद केला होता," ते म्हणाले. "त्यामुळे चित्र थांबलं."

तिनं हात सोडला. "किती वेळ?"

"सहा मिनिटं."

ती सलीलच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. प्रतापराव बाकावर खाली मान घालून बसले. त्यांच्याशेजारी मीही बसले होते. ती सहाही मिनिटं मी पडद्यासमोरच होते, त्या न हलणाऱ्या हाताकडे बघत. उठून ते दार वाजवून तिला हे सांगायला हवं होतं. आपली चूक सांगायचं धैर्य त्या भित्र्या माणसाकडे होतं. माझ्याकडे नव्हतं.