धूर, राख आणि कर्णिकांचा अर्ज

आमच्या स्टुडिओत मडक्यांपेक्षा किस्से जास्त साठतात. मडकी निदान तडकतात तरी, किस्से कुठले तडकायला! धायरीत आप्पांच्या जागेवर शमीमताईंचा स्टुडिओ आहे, तिथे मी गेली सहा वर्षं चाक फिरवतेय. आमची भट्टी लाकडावर चालते. लाकडाची राख आगीबरोबर उडून भांड्यांवर बसते, वितळते आणि तिचीच झिलई होते. आमच्या मते हे सौंदर्य. मागच्या बिल्डिंगमधल्या कर्णिकांच्या मते उपद्रव!

'भट्टी हटवा' म्हणून ते आप्पांच्या मागे हात धुऊन लागले होते. आप्पांनी ऐकलं असतं, तर ताईंनी स्वतःच्या हातांनी रचलेली भट्टी वीट वीट करून मोडावी लागली असती. पण म्हणून किस्से काही थांबले नाहीत.

*

पहिल्यांदा लाकूड आणायला मी एकटीच वखारीत गेले.

"किती हवंय?"

"सहाशे किलो."

मालकांनी चष्मा काढला, मला खुर्ची दिली आणि हळूच विचारलं, "दोघं एकदम गेले?"

"कुणी गेलं नाही हो, भट्टीला हवंय!"

"मग उठा," म्हणाले आणि खुर्ची परत घेतली.

*

एकदा रिक्षात ताई फोनवर बोलत होत्या. "हो, शनिवारी भट्टी लावतेय. मागच्या वेळी माल कच्चा राहिला, या वेळी कडक निघाला पाहिजे."

रिक्षावाला आरशातून सारखा बघत होता. उतरताना अदबीने म्हणाला, "ताई, सोमवारी ड्राय डे हाय. थोडी बाजूला ठेवाल का?"

*

प्रदर्शनात एका बाईंनी कप उचलला. "यावर डाग आहे."

"राखेचा आहे," ताई म्हणाल्या. "तो पडावा म्हणून आम्ही वीस तास लाकूड घालतो."

"मग बिनडागाचा द्या ना. तेवढीच तुमची मेहनत वाचेल!"

*

कर्णिक एकदा पांढरा शर्ट घेऊन आले. त्यावर राखेचे ठिपके. पुरावा!

ताईंनी शर्ट खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. "वा! इतके बारीक ठिपके आम्हाला अजून जमले नाहीत."

"अहो, मी तक्रार करायला आलोय!"

"ते कळलं. वाळत कुठे घातला होतात, तेवढं सांगा."

*

शेवटी आप्पा वैतागले. "कर्णिकसायेब, धूर तुम्हाला नाय, कपडे वाळत घालणाऱ्या बायांना लागतो. बिल्डिंगीतल्या समद्या घरच्या बायांच्या सह्या आना. समद्या झाल्या तर भट्टी काढतो. येक जरी कमी पडली, तर ऱ्हाऊ द्यायची."

पठ्ठ्याने चार दिवस जिने चढून सह्या जमवल्या! आमचं धाबं दणाणलं.

भट्टी उघडायच्या दिवशी ते अर्ज घेऊन हजर. आप्पाही आले. कर्णिकांच्या सोबत त्यांच्या पत्नी, नलिनीताई. त्यांना बघून मी "अय्या, तुम्ही?" म्हणणार, तेवढ्यात शमीमताईंनी माझ्या पायावर पाय दिला.

"घरची तेवढी राहिलीय," कर्णिक ऐटीत म्हणाले. "म्हटलं, आप्पांसमोरच घेऊ." त्यांनी खिशातून पेन काढलं.

शमीमताई भट्टीतून एकेक भांडं काढून फळीवर मांडत होत्या. नलिनीताईंनी त्यातली एक बरणी उचलली. एका बाजूला चांगलीच कललेली.

"बघ, असल्या वाकड्या बरण्यांसाठी आपले कपडे काळे होतात! कर सही."

नलिनीताईंनी बरणी उलटी केली आणि बुडाशी कोरलेलं स्वतःचं नाव नवऱ्यासमोर धरलं.

"केलीय," त्या म्हणाल्या.