वाकळीखालचा ओटा

आश्रुबा पेंटरनं उभी हयात सोनपेठच्या जुन्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मंग फ्लेक्स आले आन् त्याचे ब्रश वाळले. आता तो त्याच बाजाराची चित्रं काढतो. फळीवर कोरतो आन् शाई लावून कागदावर छापतो.

मला आधी हे कुठं ठावं होतं! मला दिसलं ते एवढंच, की एक डोळा झाकून, पेन्सिल पुढं धरून हा आमचे ओटे मोजायलाय. परसाली मोजणीवाले असंच मोजून गेले आन् रस्ता रुंद करताना समोरच्या सुताराचा ओटा गेला. माझं बांगड्यांचं दुकान म्हंजी हा माझा ओटाच. म्हणलं, काम न्हाई म्हणून हा मोजणीवाल्यांकडं लागला. तो आला की मी ओट्यावरून पार खालपर्यंत वाकळ सोडायची.

"मावशी, वाकळ काढा की."

"ओली हाय."

"आठ दिस झाले!"

"लय जाड हाय, बाबा."

शेवटी त्यानं छापलेला कागद आणून दाखवला. अख्खा बाजार होता त्यात. सुताराचा पडलेला ओटासुदिक त्यानं आठवून काढला होता. माझ्या जागी निस्ती वाकळ, टाका न् टाका मोजून घ्यावा अशी.

"आन् माझा ओटा रं?"

"तुमीच झाकला न्हवं!"

मी वाकळ घडी करून आत ठेवली. "काढ पुन्हा," म्हणलं.

तो एक डोळा झाकून बसला. मी दोन्ही उघडे ठेवून त्याच्या समोर बसले.